पुनवेची ओटी

खुलताबाद,
१२ जुलै १९७९

चि. म्हाळसा,

तुझा काळा कोट शिवून झाला का, आणि औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीत पाणी वर चढतं का, एवढंच विचारायला बसले होते. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर पत्र देऊन गेला आणि माझा नूरच पालटला. लेबर ऑफिसचं पत्र आहे. त्यात आपल्या कन्या निवासाला ‘उद्योग’ म्हटलंय, मला आणि तात्यासाहेब भावजींना ‘मालक’ आणि आपल्या बानाबाईला ‘कामगार’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

तूच सांग, या घरात कधी कुणी कुणाला नोकर म्हटलंय का? पोलीस ॲक्शननंतर तुझ्या नानांनी हे घर उघडलं ते मेंढरांमागे फिरणाऱ्या तुझ्यासारख्या पोरींनी चार अक्षरं शिकावीत म्हणून. सरकारी मदत यायची तेव्हा यायची. पोरींच्या ताटातली भाकरी यायची ती शेडमधल्या घोंगड्यांतून. बाया लोकर पिंजायच्या, कातायच्या, मागावर बसायच्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी पोरींच्या वेण्या घालायच्या. नाना म्हणायचे, ही घरची माणसं आहेत, पगार देऊन त्यांना परकं करू नका. म्हणून दर पुनवेला मी साऱ्या बायांना पाटावर बसवून त्यांची ओटी भरायची. ज्वारी, खोबऱ्याची वाटी, आणि खणाखाली घडी घालून ठेवलेले पैसे. ओटी कुणी मोजत नाही. पदराला गाठ मारायची आणि उठायचं. नाना गेले त्याला चार वर्षं झाली, पण मी एकही पुनव चुकू दिली नाही.

लोकरीच्या भुशानं बानाबाईचा दमा वाढला होता. पाय सोडून विणायच्या मागाच्या खड्ड्यातून वर यायचं तर भिंत धरून यायची. नानांच्या जागी भावजी आता संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी उन्हाळ्यात तिला लुगडं-नारळ दिला आणि म्हणाले, “बाई, लई केलं, आता दिराकडं जाऊन आराम करा.” यात वाईट काय झालं? मी दारातच उभी होते. ती मुकाट्यानं गेली, आणि आता हे कागद.

तिला अक्षर येत नाही. म्हणजे कुणातरी चोंबड्या युनियनवाल्यानं तिचा अंगठा घेतलाय. तू कोर्टात वावरतेस, तो कोण ते शोधून काढ आणि त्याचे कान उपट. बानाबाईलाही भेट. तुला तिनंच लहानाची मोठी केली, तुझं ती ऐकेल.

दुपारच्या जेवणाला उशीर करत जाऊ नकोस.

तुझी,
अक्का

·

औरंगपुरा, औरंगाबाद,
२० जुलै १९७९

ती. अक्का,

पाय लांब आहेत म्हणून इथूनच वाकते. कान माझेच उपटा. तो चोंबडा मीच आहे. अर्ज मी लिहिला आणि बानामायचा अंगठाही माझ्यासमोरच उठला.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तुम्ही डोळ्यांना पदर लावला असता तर तो अर्ज माझ्या पिशवीतून बाहेरच आला नसता.

गेल्या साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी एक निकाल दिलाय. माणसं कामाला लावून जिथं काही तयार होतं, तो उद्योग. मग तो चालवणाऱ्याच्या मनात नफा असो की धर्म, कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. दवाखाने, धर्मादाय संस्था, सगळे त्यात येतात. सूट आहे ती थोड्यांना. जिथं माणसं मनापासून सेवा म्हणून, नावापुरतं मानधन घेऊन राबतात अशा लहान संस्थांना. आपल्या शेडमधल्या घोंगड्या पार मुंबईपर्यंत विकल्या जातात, अक्का. ती सूट आपल्याला मिळेल असं मला वाटत नाही.

तात्यासाहेब म्हणाले, दिराकडं आराम करा. दिराकडं म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं का? मी जाऊन आले. दुसऱ्याच्या शेतात मेंढरं बसवलेली, बाजूला पाल ठोकलेलं. त्या पालात बानामाय बसून झोपते, कारण आडवं झालं की तिचा श्वास अडकतो. दिराची सून तिच्यासमोर भाकरी ठेवते आणि तोंड फिरवून बसते. वीस-बावीस वर्षं ती तुमच्या घरात राबली आणि तिला जायला जागा होती ती ही.

मला तुमच्याशी भांडण नकोय. नोटीस पाहून तात्यासाहेब घाबरतील आणि महिन्याभरात तडजोड होईल. तिला परत घरात घ्यायचं, खड्ड्यात उतरू द्यायचं नाही, आणि औषधपाण्याची कायमची सोय लावून द्यायची, एवढंच मागणं आहे. एक दिवस तुम्हीच म्हणाल, म्हाळसानं बरं केलं. रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची,
म्हाळसा

·

खुलताबाद,
२ ऑगस्ट १९७९

म्हाळसा,

आज चिरंजीव लिहायला हात उचलला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

मालकाच्या मनात काय आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही म्हणतेस. मग मनातलं कुठं जाऊन सांगायचं तेही कळव. तुझ्या सात न्यायाधीशांपैकी एकानं तरी कधी कुणाची ओटी भरलेली पाहिली आहे का?

बानाबाई या घरात आली तेव्हा विशीची होती, नवरा जाऊन साल झालं नव्हतं. पहिल्या पुनवेला सगळ्या बाया पाटावर बसल्या आणि ही जात्यापाशी तोंड लपवून. नवरा नसलेल्या बाईची ओटी कोण भरतं? मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, “पाट मांडा तिला.” मी मांडला. कुंकू काही तिनं लावू दिलं नाही, पण पदर पसरला. अर्धी ज्वारी पदराबाहेर सांडली आणि ती एकेक दाणा वेचत बसली. ते कळल्यावर गावच्या बायकांनी वर्षभर माझ्या हळदीकुंकवाला येणं सोडलं. मी नाही सोडलं.

आणि नाना गेले त्यानंतरची पहिली पुनव. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला हे माहीत नाही. मी मागच्या खोलीत दार लावून बसले होते. आता माझ्याच हाताला ओटी वर्ज्य झाली, असं मनात आलेलं. बानाबाईनं दार वाजवलं. तिच्या हातात सूप होतं, सुपात ज्वारी आणि नारळ. म्हणाली, “अक्का, पदर फुडं करा. तुमी माझी भरली, म्या तुमची भरते. कोन काय म्हनतंय बगू.” माझी ओटी भरून तिनं मला बाहेर नेलं, आणि मग मी साऱ्या बायांच्या ओट्या भरल्या. त्यानंतर कधी मला त्या कामाची लाज वाटली नाही.

तिला तू ‘कामगार’ केलंस. तडजोड होणार नाही. भावजींनी वकील लावलाय. आणि मी तुला पत्र लिहिणार नाही.

अक्का

·

औरंगपुरा,
१८ नोव्हेंबर १९८०

ती. अक्का,

वर्ष उलटलं, तुमचं एक ओळीचं पत्र नाही. दिवाळीला भेटकार्ड पाठवलं, ते परत आलं नाही, त्यावरूनच तुम्ही ते ठेवून घेतलं असं समजते. आजही लिहिलं नसतं, पण आता तुमच्याशिवाय कुणाकडे जायचं ते सुचत नाही.

काल बानामायची गवाही झाली. तिला मी चार दिवस आधी इथं आणून ठेवलं होतं. रात्रभर भिंतीला टेकून खोकत होती आणि मधेच मला विचारायची, अक्कांच्या गुडघ्याला तेल कोण लावतं. मी तिला पढवलं. म्हटलं, “माय, ते विचारतील पुनवेला काय मिळायचं. तू म्हणायचं, पगार मिळायचा. नावाला ओटी म्हणायचे.” तिनं मान हलवली.

संस्थेच्या वकिलांनी तोच प्रश्न विचारला. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “ओटी.” ते म्हणाले, “पगार नाही?” तर म्हणते, “पगार गड्याला आसतो, सायेब. माझी ओटी भरीत व्हत्या अक्का. माझ्या रंडकीची. हाय का आसं घर दुसरं मराठवाड्यात?” वकिलांनी हसून मान लववली आणि खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती. ओटी म्हणजे पगार नाही, पगार नाही म्हणजे ती सेविका, सेविका म्हणजे निकालातली सूट. मी तिथंच कागद गोळा करायला लागले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. भर रस्त्यात, अक्का. ती म्हणाली, “तुला पैका पायजे व्हता व्हय गं? मला नगं. तात्यासायबानी जा म्हनलं त्याचं मला काय नाय. अक्का दारात व्हत्या, त्या ‘ऱ्हा’ म्हनल्या नाय, येवढंच.” मग धाप लागली आणि दुकानाच्या फळीवर बसली.

आता संस्थेकडून तुम्हालाच साक्षीला बोलावणार आहेत. तुम्ही ओटीच म्हणालात की सगळं संपलं, आणि ती त्या पालातच मरेल. मी तुमच्याकडे खोटं मागत नाही. दर पुनवेला न चुकता दिलेला, काम केलं तर मिळणारा, न केलं तर न मिळणारा तो पैसा काय होता, ते तुमच्या मनाला विचारा आणि तेवढंच सांगा.

म्हाळसा

·

खुलताबाद,
२२ नोव्हेंबर १९८०

चि. म्हाळसा,

तुझं पत्र वाचून देवळीत ठेवलं, काढून पुन्हा वाचलं, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी दारात उभी होते हे खरं आहे. का बोलले नाही? घरातल्या पुरुषानं एक शब्द टाकला की त्यावर आपण दुसरा टाकायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं. नाना होते तोवर ते बोलायचे ते पटायचं, म्हणून मला वाटायचं मी पटलं म्हणून गप्प आहे. ते गेले तेव्हा कळलं, मला गप्प राहायची सवयच होती.

भावजी काल येऊन बसले होते. बोलणं गोड होतं. म्हणाले, “वहिनी, एक बाई जिंकली की बाकीच्या साऱ्या अर्ज टाकतील. मागचं पुढचं सारं द्यावं लागंल. मग घर बंद. पोरींना पाठवा मेंढरांमागं. तुमी ठरवा.” ही धमकी आहे असं तू म्हणशील. पण मला तो हिशोब खरा वाटतो. आज चाळीस पोरी इथं झोपतात. सरू म्हणून एक आहे, सातवीत, तुझ्यासारखीच उलट उत्तरं देते.

एका बाजूला बानाबाई आणि दुसऱ्या बाजूला या पोरी. असा प्रश्न नानांच्या वेळी का नाही पडला? तेव्हा आम्ही चांगले होतो की तेव्हा कुणी विचारत नव्हतं? मी काय बोलेन ते मला माहीत नाही. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस.

अक्का

·

औरंगपुरा,
१७ जानेवारी १९८१

माझी अक्का,

परवा कोर्टात तुमच्या पाया पडायला धावले तर तात्यासाहेब तुम्हाला घेऊन जीपकडे निघालेसुद्धा. म्हणून हे पत्र. त्यांच्याच साक्षीदारानं त्यांचीच बाजू पाडावी, असं मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. आमचे मोठे वकीलसाहेब म्हणाले, आता ही केस हरणं अवघड. आनंदाच्या भरात मी पेढे आणले आणि सगळ्या टेबलांवर वाटले.

तुमचं ते शेवटचं उत्तर न्यायाधीशांनी शब्दन् शब्द उतरवून घेतलंय. ‘ओटी’ हा शब्द कसा लिहायचा ते त्यांनी मला विचारलं.

बानामायची मात्र चुकामूक झाली. तुमची साक्ष संपता संपता ती बाकावरून उठली होती. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. नंतर कळलं की एकटीच स्टँडवर जाऊन एसटीत बसली. संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून घाई केली असेल. पेढा तिच्यासाठी ठेवलाय. तडजोडीचं बोलणं आता तात्यासाहेबच काढतील, बघा. बानामाय पुन्हा घरात येईल.

तुमचीच,
म्हाळसा

·

खुलताबाद,
२ फेब्रुवारी १९८१

चि. म्हाळसा,

पेढे वाटायला नको होते. 

तू कागदांत डोकं घालून बसली होतीस म्हणून तुला दिसलं नाही. मला समोरच दिसत होतं. मी शपथ घेतली तेव्हा बानाबाई बाकावर बसून माझ्याकडे बघून हसली. इतक्या दिवसांनी मी दिसले म्हणून हसली, बाकी काही नाही.

वकिलांनी विचारलं, ओटी होती ना? मी आठवायला लागले. बाजारात कातणीला जो दर चालायचा तो आम्ही कधीच दिला नाही. द्यायची वेळच आली नाही, कारण ओटीत कमी-जास्त कोण बघतं? पगार म्हटला असता तर कुणीतरी कधीतरी तोंड उघडून मागितलं असतं. ओटी म्हटल्यावर मागायची सोय उरत नाही. हे मला ठाऊक होतं. नानांना ठाऊक नव्हतं असंही म्हणवत नाही. आणि बानाबाईचा तो श्वास मला तिथपर्यंत ऐकू येत होता. मी म्हटलं, “नाही. पगारच होता. ओटी नुसतं नाव.”

वकील चिडले. भावजींनी त्यांना घरातलं सारं सांगून ठेवलेलं. म्हणाले, “नानासाहेब गेल्यावर बानाबाईनं तुमची ओटी भरली होती. मग तोही पगार होता काय? मालकिणीला नोकराणीनं दिलेला?” कोर्टात हशा पिकला. मी म्हटलं, “ती ओटी होती. मी तिची भरत होते ती मजुरी.”

खरं तेच बोलले मी. तिच्यासाठी बोलले. तिनं मला जे दिलं ते शुद्ध होतं आणि आमचंच भेसळीचं होतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण शब्द तोंडातून सुटला आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिचा पदर मांडीवर पसरलेला होता. तिनं तो हळूच गोळा केला, कमरेला घट्ट खोचला आणि उठून गेली. गाडीसाठी नव्हे, म्हाळसा. आयुष्यात तिला मिळालेली एकच गोष्ट मी चारचौघांत शपथेवर काढून घेतली.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावायला तरी कुणीतरी चुकलेलं लागतं.

अक्का

·

गारखेडा, औरंगाबाद,
१० ऑक्टोबर १९८२

ती. अक्का,

खोली बदलली, पत्ता वर लिहिला आहे. इथं अजून आजूबाजूला शेतं आहेत आणि कधी कधी मेंढरं येतात. मी खिडकी लावून घेते.

निकालाची पक्की प्रत मिळाली. कन्या निवास उद्योग ठरला, बानामाय कामगार ठरली. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, परत कामावर घेण्यासकट. पण घ्यायचं कुठं? तात्यासाहेबांनी जूनमध्येच घर बंद केलं. ते धमकी देत नव्हते, तुम्ही म्हणाला होता तसं ते खरंच बोलत होते. मी हसण्यावारी नेलं.

पैसे द्यायच्या दिवशी मी बानामायबरोबर गेले होते. तिच्या दिरानं तिला खांद्याला धरून आणलं. कारकुनानं पावतीचं तिकीट पुढं केलं, तिनं अंगठा उठवला, पैसे दिराच्या हातात दिले आणि बोटाची शाई पुसत बसली. मी म्हटलं, “माय, हे तुझ्या हक्काचं आहे.” ती म्हणाली, “व्हय बाई.” मला ती नेहमी पोरी म्हणायची.

सरूचं लग्न झालं, हे इथं बाजारात आलेल्या एका बाईकडून कळलं. नववीत तिचं नाव घातलंच नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं कायदा बदलला. धर्मादाय आणि समाजसेवेच्या संस्था आता उद्योगातून वगळल्या आहेत. तात्यासाहेबांनी तो कागद घेऊन मला गाठलं आणि विचारलं, मग आता घर पुन्हा उघडायला हरकत नाही ना? मी पूर्ण वाचून दाखवलं. ते कलम सरकार जी तारीख ठरवील त्या तारखेपासून लागू होणार. तारीख ठरलेली नाही. ती कधी ठरेल ते वकील सांगू शकत नाहीत, न्यायाधीशही नाहीत. म्हणजे जुना कायदा आहे म्हणून घर बंद, आणि नवा झालाय पण सुरू झालेला नाही म्हणूनही बंद. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हातारे दिसत होते. मला त्यांचा राग करता आला नाही.

मी कायदा शिकले तो बानामायला घरात ठेवण्यासाठी. तो नीट चालवला, जिंकले, आणि आता घरच नाही. कुठं काय वेगळं करायचं होतं ते मला अजून सापडत नाही. लेबरच्या केसेस मी घेणं सोडलंय. जमिनीचे कागद बघते. त्यात माणसांचं तोंड बघावं लागत नाही.

तुम्ही एकदा तिला भेटा, अक्का. माझ्याकडून होत नाही.

म्हाळसा

·

खुलताबाद,
३० जानेवारी १९८३

चि. म्हाळसा,

परवा पुनव होती. बानाबाईला भेटून आले.

आठ दिवस आधीपासून तयारी करत होते. पोरी गेल्यापासून या घरात करण्यासारखं दुसरं काही नसतंच. शेडमध्ये मागाचे खड्डे तसेच उघडे आहेत, त्यात कुत्री विते. घोंगड्यांना लावायच्या खळीची चिंचोक्यांची पाटी भिंतीशी पडली होती, ती मी धुऊन पालथी घातली. नवा खण आणला, ज्वारी स्वतः निवडली, चांगला पाण्याचा नारळ घेतला. या वेळी खणाखाली काही ठेवलं नाही. नुसती ओटी न्यायची, असं ठरवलं होतं.

तिच्या दिराचा मुक्काम फुलंब्रीच्या पुढं एका पीक काढलेल्या रानात होता. एसटीनं फाट्यावर सोडलं, तिथून चालत गेले. मला पाहून बानाबाई पालातून बाहेर आली. फार वाळली आहे. तिनं माझ्यासाठी घोंगडी टाकली. आपल्याच शेडमधली, कड मी ओळखली. बकरीच्या दुधाचा चहा केला, बशी पदरानं पुसून दिली आणि गुडघ्याची चौकशी केली. सरूच्या लग्नाला ती गेली होती म्हणाली, जेवण बरं होतं. तिच्या बोलण्यात कुठं अढी नव्हती. मला इतकं हलकं वाटलं, म्हाळसा, की वाटलं चला, आपण उगाच जीव जाळला.

मग मी पिशवीतून सूप काढलं. म्हटलं, “बानाबाई, पुनव हाय. पदर फुडं कर.”

तिनं सुपाकडे पाहिलं. मग उजवा हात लुगड्याला नीट पुसला आणि अंगठा माझ्यापुढं धरला. म्हणाली, “कुठं उठवू?”

टोमणा नव्हता गं तो. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, पायावर डोकं ठेवलं असतं. तिनं खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, “आगं, यात पैसे नाहीत. नुसती ओटी हाय.” खण उचलून दाखवला. तर ती मलाच समजावायला लागली. म्हणाली, “तसं नगं अक्का. कोर्टात तुमी शपथंवर सांगितलंय. तुमी कधी खोटं बोलत नसता, मला म्हाईत हाय. घेतलं तर अंगठा द्यावा लागंल. न्हाईतर तुमालाच तरास व्हईल.”

मी सूप धरून उभी आणि ती अंगठा धरून. तिचा हात दुखायला लागला असावा, कारण तिनं तो दुसऱ्या हातानं खालून सावरला, पण मागे घेतला नाही. शेवटी मीच सूप खाली केलं.

उन्हं उतरली तशी मी निघाले. ती फाट्यापर्यंत यायला निघाली होती, पण चार पावलांवर धाप लागली म्हणून मी तिला परत बसवलं. ज्वारी मी माझ्याच पदरात बांधून परत आणली आहे. ती अजून तशीच बांधलेली आहे.

अक्का